काकणांच्या दुकानातली चित्रं

सन छप्पन्नच्या माघात चाकणच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर सोपानराव पुण्याच्या मित्रांकडून एकवीस चित्रं मागून घेऊन आले. एसटीच्या टपावर, गोणपाटात गुंडाळून. वर्गाच्या भिंतींवर ती टांगली, दवंडी पिटवली. दिवसभरात तिघे आले. त्यातले दोघे पाणी प्यायला.

संध्याकाळी पेठेतली काकणवाली रहमतबी डोकावली. मास्तरांचं उतरलेलं तोंड बघून म्हणाली, "गडी शेतावर आन् बायका शाळेची पायरी चढत न्हाईत. मग येनार कोन? उद्या बाजार हाय. माझ्या दुकानात टांगा. काकणं भरायला हात दिला की बाईला उठता येत न्हाई. बघंल न्हाई तर काय करंल?"

मास्तर घुटमळले. चित्रकार काय म्हणतील? पण रिकामा वर्ग आठवला आणि त्यांनी हातोडी उचलली.

सकाळी चित्रं लागली. रहमतबी जाजमावर बसली, मान वर करून पाहिलं. "खाली घ्या. आमी बसून बघनार. आन् ह्यो समुद्र मधी लावा. कुनी बघितला न्हाई, बोलायला बरा."

मास्तरांनी सगळे खिळे पुन्हा ठोकले.

दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. समुद्रापुढं तर बायका हटेनात. महाळुंग्याच्या यशोदाबाईंचा एक हात रहमतबीच्या हातात होता. दुसऱ्यानं त्यांनी खळ्यावर धान्य उफणणाऱ्या माणसाचं चित्र दाखवलं आणि खदखदून हसल्या.

"अगं बया, दानं आन् भुस्काट एकाच ढिगात! मग उफनलं कशापायी?"

हशा पिकला. नेमका तेव्हाच त्या चित्राचा चित्रकार दिगंबर केतकर पुण्याहून आला होता, दारात उभा होता. त्याचे कान लाल झाले. मास्तरांनी घाईघाईनं त्याची ओळख करून दिली.

"तुमी काढलंय व्हय?" यशोदाबाई म्हणाल्या. "मानूस लई झ्याक काढलाय. पर वारा कुठाय?"

दिगंबरनं चित्राकडं बराच वेळ पाहिलं. मग तोही हसला. "वारा राहिला खरा. मी खळं लांबूनच पाहिलंय, बाई."

"मग चला की जवळनं बघायला!"

आणि तो गेला. त्यांच्याच बैलगाडीतून, वही काखेत मारून. चार दिवस महाळुंग्यात राहिला, अंगभर भुसा घेऊन परतला. पुढच्या बाजारी त्याचं नवं चित्र लागलं. यशोदाबाई मैत्रिणींना घेऊन आल्या आणि ते प्रत्येकीला समजावून सांगत बसल्या.

महिन्याभरानं, आमच्या गावातही चित्रं लावा म्हणून भोसरीकरांचं बोलावणं आलं. सोपानराव या वेळी चित्रं न घेताच गेले. तालमीच्या कट्ट्यावर पैलवानांशेजारी बसत त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या गावात माणसं निवांत कुठं टेकतात?"