विहिरीतून वर आलेली हाडं

"मोनिका, ह्याच्यावरच्या पट्ट्या कुठं गेल्या?"

हरिबा अंगणातल्या बाजेपाशी उभे होते. बाजेवर त्यांनी जमवलेले सगळे जीवाश्म धुऊन, ओळीने उन्हात वाळत घातले होते. घटस्थापना तोंडावर आली होती. मांडवगण फराट्यात घरोघरी गोधड्या, डबे, देव सगळं धुऊन निघत होतं. सुनेचा लग्नानंतरचा हा पहिलाच दसरा. तिने काचेचं कपाटही रिकामं करून लख्ख पुसलं होतं.

"लई कळकटल्या व्हत्या, मामा. गरम पाण्यात भिजवून काढल्या," मोनिका हौसेने म्हणाली. सासऱ्यांचा चेहरा पाहून मात्र तिचा आवाज उतरला. "एक बरगडी तेवढी बादलीतच भुगा झाली. चुकलं का माझं?"

हरिबा बाजेच्या कडेला टेकले. शिरूर-दौंड भागात विहिरी खोदणारी यारी चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. विहिरीच्या काठावर यारी उभी करायची आणि खालची माती बकेटीत भरून वर ओढायची. नदीकाठच्या गाळात त्या मातीबरोबर कधी दगड झालेलं हाड वर येई, कधी हत्तीचा दात. हजारो वर्षांपूर्वी या खोऱ्यात हिंडलेल्या जनावरांचे ते अवशेष. बंद पडलेल्या औषध दुकानाचं कपाट विकत आणून हरिबांनी ते बैठकीत मांडले होते. प्रत्येकावर पट्टी: गाव, विहिरीचा मालक, किती फुटांवर. जागा ठाऊक असेपर्यंत हाडाला मोल. ती हरवली की उरतो नुसता धोंडा.

"तू घर आपलं मानून धुतलंस, पोरी," ते अखेर म्हणाले. "त्यावर काय बोलू?"

पण मोनिका गप्प बसणारी नव्हती. "ज्यांच्या इहिरी, त्यांना वळखू येतील की!" तिने सासऱ्यांकडून एकेकाचं नाव काढून घेतलं, फोन लावले आणि तिसऱ्या माळेला सगळ्यांना खिचडी खायला बोलावलं.

न्हावऱ्याच्या सरूबाईंनी आल्या आल्या एक जाडजूड हाड उचललं. "ह्यो बघा माझा म्हसोबा! सासू शेंदूर लावाय निघाली व्हती, तर हरिबा, तुम्ही पिशवीत घालून पसार झालात. बरं झालं. म्हसोबाबिगर बी इहिरीला पानी हाय."

हत्तीच्या दातावरून मात्र गावातल्या मच्छिंद्रची आणि भांडगावच्या ज्ञानूची जुंपली.

"दात माझा हाय," ज्ञानू म्हणाला.

"तुझा? तुझ्या तोंडात तरी किती राह्यलेत?"

"ते असू दे. ह्याला हितं टवका हाय, बघ. ह्या हरिबानं बकेट कडंला आपटली, तवा पोपटनं खालनं ह्याच्या सात पिढ्या काढल्या. माझ्या इहिरीवर काढल्या, तुझ्या न्हवं!"

हशा पिकला. मच्छिंद्रने दात खाली ठेवला.

कुणाचीही आठवण सुरू झाली की ती फिरून पोपटपाशी येत होती. पोपट म्हणजे यारीवरचा हरिबांचा जोडीदार, विहिरीच्या तळाशी खोदणारा. गेल्या वर्षी तो वारला. हाड दिसलं की तो कुदळ थांबवी, डोक्याचा पटका सोडी, त्यात ते गुंडाळून बकेटीत ठेवी आणि मगच ओरडे, "घ्या वर, सावकाश!" हरिबा ऐकत राहिले. आपण काठावर लिव्हर धरून बसत होतो. गाळातलं हाड ओळखणारे डोळे पोपटचे होते. तो खाली नसता तर हे कपाट रितंच राहिलं असतं.

मोनिका नव्या पट्ट्या लिहीत होती.

"फुटाच्या खाली आणखी एक वळ लिही," हरिबा म्हणाले. "वर पाठवणारा, पोपट."

"कशाकशावर, मामा?"

"समद्यावर."

ज्यांची जागा कुणालाच सांगता आली नाही, त्यांच्यावर तेवढी एकच ओळ आली.

दुसऱ्या दिवशी हरिबा स्वतः एसटीने न्हावऱ्याला गेले आणि पोपटच्या बायकोला, ललिताबाईंना घेऊन आले. इतक्या वर्षांच्या जोडीत या घरातून त्यांना कधी बोलावणं गेलं नव्हतं. मोनिकाने त्यांना कपाटासमोर खुर्ची दिली, चहा ठेवला आणि एकेक पट्टी वाचून दाखवली.

"समद्यावर ह्यांचंच नाव?" ललिताबाईंनी विचारलं.

"व्हय, वहिनी. त्यानं पाठवलं म्हणून हाय हे."

"मला इहिरीतलं काय ठावं न्हाई, भावजी. मी आपली रोज पटका धुवायची. किती बी घासा, माती निघंना. कावायची मी. म्हणायची, डोक्याला बांधता का जमिनीला?"

हरिबा हसले. काच सरकवून त्यांनी तो हत्तीचा दात बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. ललिताबाईंनी आधी पदर पसरला, मग दात त्यात घेतला. त्याच्या भाराने त्या किंचित पुढे वाकल्या.

"लई जड हाय की ओ," त्या हलकेच म्हणाल्या. "आन् घरी येऊन कवा हात दुखतो म्हणले न्हाईत."

चहा निवत होता. दात परत मागण्याची घाई कुणालाच नव्हती.