गुळगुळीत शंखांचं घराणं

बाईंचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. दूरच्या बेटावरच्या गोगलगायींचं त्यांनी आपल्या शोधलेखात एक नवं घराणंच मांडलं होतं, आणि नियतकालिकाच्या परीक्षकाने तो लेख पुन्हा परत पाठवला होता. शेजारच्या बेटांवरच्या गोगलगायींच्या शंखावर लव असते, मग तुमच्याच कशा गुळगुळीत, असा त्याचा धोशा होता.

"गुळगुळीत आहेत म्हणूनच घराणं नवं. आता हे याला कोणत्या भाषेत सांगू?" बाई करवादल्या.

त्या बेटावर सर्वेक्षणाला जाणारी धाकटी बहीण तेवढ्यात आली आणि तिने टेबलावर डबा ठेवला. "ताई, दरवेळी तुला रिकामे शंखच आणते. या खेपेला जिवंत आणलीय."

ओल्या पानांतून गोगलगाय सावकाश काठावर चढली. दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखी तिच्या शंखावर खरखरीत लव होती.

"ही दुसरी असेल," बाई म्हणाल्या.

"तुझे शंख ज्याच्याखाली मिळतात, त्याच झाडावरची आहे, ताई."

बाईंची नजर बेसिनकडे गेली. नळापाशी पेल्यात केस विस्कटलेला ब्रश उभा होता. आलेला प्रत्येक शंख त्या साबण लावून, चकाकेपर्यंत स्वतः घासायच्या. या कामात दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. वर्णन लिहायला बसायच्या त्या त्यानंतर.

"मग आता गं?" बहिणीने हळूच विचारलं.

"आता काय. लेखात तुझे आभार मानलेत ते खोडते," बाई म्हणाल्या. "ते या ब्रशचे मानायला हवेत. सगळं घराणं त्यानेच घडवलंय."