जिनातलं चुंबक

लाईट बारा वाजता जाणार होती, म्हणून सगळ्यांची घाई चालली होती. अकोल्याजवळच्या शेखरच्या जिनिंग कारखान्यात हंगामाचा मुहूर्त होता. शेखर माझा कॉलेजातला विद्यार्थी. मशीनची कळ दाबायला त्यानं मला अमरावतीहून बोलावलं होतं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. चार लोकांसमोर हातांचं काय करावं हे मला कधीच कळत नाही. मी खिशातली कपाटाची लोखंडी किल्ली चाळवत उभा होतो.

"हे चुंबक सरांनीच सुचवलं," शेखर सगळ्यांना सांगत होता.

कापूस पट्ट्यावरून सरकी काढणाऱ्या जिनाकडे जातो, तो या चुंबकाच्या पाटीखालून. कापसातले खिळे, तारेचे तुकडे पाटीनं वर ओढून घ्यायचे. एखादा सुटून जिनाच्या सुरीवर आपटला, की ठिणगी. मागच्या हंगामात तशीच आग लागली आणि गंगूबाईचा उजवा हात भाजला. ती आताही पट्ट्याशेजारी कापूस सारायला उभी होती, तो हात पदराखाली घेऊन.

नियोडिमियम आणि लोखंडाचं चुंबक घे, असं फोनवर मीच म्हणालो होतो. असल्या दुर्मिळ धातूंची लोखंडाशी झालेली संयुगं तापल्यावर कशी वागतात, यावर मी प्रबंध लिहिला आहे. तो कुणी वाचला असेलसं वाटत नाही.

चाळा म्हणून मी किल्ली पाटीच्या टोकाला लावली. ती जेमतेम चिकटली आणि घसरून पडली. मध्ये लावली, तर हिसका देऊन ओढली गेली. पुन्हा टोकाला लावली. पुन्हा पडली.

हाताला घाम आला म्हणून? की कडेला जोर असाही कमीच असतो? मी चष्मा पुसला. तिकडे शेखरनं नारळ फोडला.

"ही पाटी बसवली कशी?" मी शेजारच्या फिटरला हळूच विचारलं. अब्दुल रहीम त्याचं नाव.

"वेल्डिंग मारली, गुरुजी. दोन्हीकून. नटबोल्ट हादऱ्यानं ढिले होतात. आता भूकंप आला तरी हालत नाही."

"रहीमभाई, हे फार तापलं की..."

"लोहाच आहे ना? त्याले आगीची काय भीती?"

"लोखंड राहतं. त्यातलं चुंबकत्व जातं. गार झालं तरी परत येत नाही."

"मी पाना लावून पाह्यला, गुरुजी. दोघांनी ओढला तवा निघाला."

"कुठं लावला होता?"

"मंधात." त्यानं पाटीच्या टोकाकडे पाहिलं. "मंधातच लावीन ना."

शेखर जवळ आला. "सर, लाईट जाईल. मुहूर्त करून घेऊ, मग बघू सावकाश."

"मास्तर, दाबा ना," गंगूबाई म्हणाली. "बटणाले काहून भेता?" सगळे हसले.

कळ दाबून टाकावी, असं मला खरंच वाटलं. माझंच चुकत असेल. पण पदराखालचा हात दिसत होता.

"मी नाही दाबत," मी म्हणालो. शेखरला दोनदा विचारावं लागलं, इतका आवाज खोल गेला होता. "जिन बंद ठेवा. नुसता पट्टा चालवा आणि कापसात खिळे टाका."

"टाकतो मूठभर!" रहीम चिडला होता. "एकबी सुटला तर वेल्डिंगची मशीन तुमाले भेट."

पट्टा सुरू झाला. मध्यावर खिळे टकाटक चिकटू लागले. रहीमनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली. कडेचा कापूस पाटीखालून शांतपणे पुढे गेला. गंगूबाईनं पट्ट्याच्या शेवटी डाव्या हातानं तो चाचपला आणि मूठ रहीमपुढे उघडली. दोन खिळे होते.

तेवढ्यात लाईट गेली.

फाटकाबाहेर एक गाडीवान शिव्या देत होता. रहीम वळला आणि भंगारातून जुनं काळं चुंबक खांद्यावर घेऊन आला. ते त्यानं नव्या पाटीच्या पुढे नटबोल्टांनी बसवलं.

"मशीन कुठं उतरवू, गुरुजी? अमरावतीले का इथंच?"

मला हसता आलं नाही. ऊन कलल्यावर लाईट आली, शेखरनं कळ दाबायला हाक मारली. मी अजून किल्ली घेऊन त्या जुन्या चुंबकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतो.

"पास आहे ना?" रहीमनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण थांबा, पुन्हा एकदा बघतो."