धोंडाबाईचा घास

"या गं बायांनो, या गं सयांनो,
गाळाचं घर सोडा, उन्हाच्या अंगणी या..."

तळहातानं पाण्यावर थापा मारत धोंडाबाई अशी हाक घालायची, आणि काठावर उकिडव्या बसलेल्या तिच्या लहानग्या गेणूला तळातून सोनं वर येताना दिसायचं. एकेक महाशीर मासळी हातभर लांब. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा वाडी डोंगरावर सरकली, पण मसणवटा पाण्याखाली गेला. तेव्हापासून वाडीची पितरं पाण्यात राहतात. भाद्रपदात इथं कावळ्याची वाट कुणी बघत नाही; घास माशांना देतात.

आज, धोंडाबाई गेल्यानंतरचा, तिचा पहिला घास होता. भात-वडे पळसाच्या पानात बांधून देताना सोनीबाई नवऱ्याला, गेणभाऊला, म्हणाली होती, "पावण्याला आधी काठाला सोडा, मंग निवांत द्या. मासा तोंड लावीस्तवर घरात कुणी जेवायचं न्हाई."

पावणे म्हणजे मंचरचे बाळासाहेब, बटाट्याचे आडतदार. गळ टाकायची त्यांना भारी हौस. आणि धरणाकाठी तंबू भाड्यानं देणाऱ्या तंबूवाल्याच्या पाहुण्यांना होडीतून मासे दाखवत फिरवायचं हेच आता गेणभाऊचं काम. आई जिथं हाक घालायची त्या पाण्याकडं मात्र त्यानं आजवर एकही होडी वळवली नव्हती.

ऊन कललं तरी गळ कोराच.

"तू मासं दाखवायला आलास का हवा खायला, राव? सकाळधरनं घावलं काय, तर चिप्सची पिशवी!"

"पाणी गार हाय, साहेब. मासा खाली बसलाय."

"मासा बसलाय, तू बी बसलायस. तंबूवाल्याला सांगतो, उद्यापासनं दुसरा माणूस बघ." बाळासाहेबांची नजर पानावर गेली. "आन् ह्यात काय दडवलंय?"

खरा शब्द गेणभाऊच्या ओठापर्यंत आला. काम जाईल या भीतीनं त्यानं तो गिळला. "चारा हाय."

"मंग टाक की, गाढवा!"

गेणभाऊनं होडी आईच्या पाण्याकडं वळवली. एक मासळी पावण्याला, बाकीच्या आईचा घास घेतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. फोटो काढून सोडतो, असं साहेब म्हणाले होतेच.

त्यानं पाण्यावर थाप मारली. गळ्यातून आईचाच आवाज निघाला आणि त्या सया वर आल्या. बुजल्या नाहीत की थबकल्या नाहीत, दावणीला यावं तशा होडीला लागल्या. त्यानं घास उचलायच्या आत बाळासाहेबांनी पानातला भात ओढला, गळाला थापला. सगळ्यात थोरली पुढं झाली नि तिनं तोंड उघडलं.

फोटो झाला.

"सोडा आता, साहेब."

"सोडतो की." बाळासाहेबांनी तिचं डोकं होडीच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. तोंडातून रक्त आलं, रक्तासंगं भाताची पांढरी शितं आली. बाळासाहेब हसत सुटले. "बोलव, आजून बोलव! बाकीच्या पळत बी न्हाईत बघ येड्या!"

खरंच पळत नव्हत्या. रक्ताच्या पाण्यात तोंडं वर करून उभ्या होत्या. एक तर गेणभाऊच्या बोटाला लागली. पानात अजून घासभर भात होता. आत्ता दिला असता तर आई जेवली असती, घर जेवलं असतं.

पण त्याच्या खांद्यावरून गळ पुन्हा पाण्याकडं निघाला होता.

गेणभाऊनं वल्हं उचललं आणि सगळ्या ताकदीनं त्यांच्या मधोमध हाणलं. एकीची पाठ वल्ह्याखाली मोडल्याचं त्याच्या हाताला कळलं. तरी तो हाणत राहिला, पाणी काळं-रिकामं होईस्तोवर.

"डोस्कं फिरलं का तुझं?" बाळासाहेब ओरडले.

पान पाण्यात उलटलं होतं. शितं पसरत, बुडत होती. खालून कुणी येत नव्हतं.

"चारा न्हवता त्यो, बाळासाहेब," गेणभाऊ म्हणाला. "माझ्या मेल्या आईचा घास व्हता. आन् आता मी हाक मारली तरी कुणी यायचं न्हाई."