कॅलेंडरमागची ओळ

अर्धापूरच्या आमच्या विहारात एक संगणक आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे संध्याकाळी मुलांना शिकवतो. मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलेलं सगळं मी मुख्य खात्यात ठेवलं होतं, कुणाकडून चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. त्या खात्याचा पासवर्ड फक्त मला ठाऊक. खरं तर मलाही नव्हता. स्विचबोर्डच्या वर भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता, रोज तिकडे पाहून टाकायचो. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्याची खोड.

जयंतीसाठी पोरांनी विहार रंगवला. माझी ओळ गेली.

माझा जुना विद्यार्थी आनंदराज लातूरला संगणक दुरुस्त करतो. त्याला फोन लावला.

"सर, आमच्याकडून तर सगळं पाठ करून घ्यायचे तुम्ही," तो हसला. मग म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागंल. आतलं राहील का, सांगता येत न्हाई."

सातवीतली लुंबिनी शेजारीच उभी होती. तिचे आजोबा लिंबाजी जानेवारीत गेले. त्यांनी सांगितलेली अकरा पानं त्याच खात्यात होती. ती कीबोर्डवरचे रंगाचे शिंतोडे नखाने काढत राहिली.

चौथ्या दिवशी पारूबाई हिमायतनगरहून, लेकीकडून परतल्या. विहाराची झाडलोट त्या करतात. अक्षरओळख नाही.

"तोंडं का उतरलीत गुरुजी?"

मी सांगितलं.

"त्या भिताडावरचं? ते हाय की."

स्विचबोर्डवरचं कॅलेंडर त्यांनी उचललं. मागे वीतभर भिंत जुनीच होती आणि तिच्यावर माझी ओळ.

"पोरं ब्रश मारून राहिली होती. म्या म्हनलं, लिवलेलं पुसायचं न्हाई. पर वंगाळ दिसाया लागलं, म्हून क्यालिंडर लावलं."

"काय लिहिलंय ते कळलं होतं तुम्हाला?"

"मला काय कळतंय? तुमी रोज तिकडं बघत व्हता, येवढं ठावं."

मी एकेक अक्षर वाचलं, लुंबिनीने टाकलं. खातं उघडलं. तिने आजोबांचं पहिलं पान काढून मोठ्याने वाचायला घेतलं.

पारूबाई झाडू टेकवून खाली बसल्या. "लिंबाजीदादा असाच बोलायचा. वाच पुढं."

अकरा पानं वाचून झाल्यावर मी सगळं लिखाण पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

"पारूबाई, लई उपकार झाले तुमचे."

"उपकार कशाचे? आता ते क्यालिंडर काढू का?"

"राहू द्या," मी म्हणालो.