धुऊन पिवळा पडलेला लाल बावटा

मित्रांनो, मी एक जुना लाल बावटा आहे. माझ्याकडे बघून 'लाल' या शब्दावर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा, पण आधी माझी हकिकत ऐका.

समुद्रकाठच्या माझात्लान शहरात तंबू आणि छत्र्या शिवणाऱ्या एका दुकानात माझा जन्म झाला. एकाच दिवशी आम्ही तिघे भाऊ शिवून निघालो. हिरवा म्हणजे खुशाल पोहा, पिवळा म्हणजे जपून पोहा आणि मी म्हणजे मुकाट्याने काठावर बसा. हिरवा खांबावर चढला की लोक टाळ्या वाजवत. पिवळ्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा, असा रिवाज होता. माझ्या वाट्याला मात्र शिव्या येत. सुट्टी काढून, सामान बांधून, घाट उतरून आलेल्या माणसाला माझं तोंड आवडावं तरी का?

पण त्या उंचीवरून मला पुष्कळ शिकायला मिळालं. भर दुपारी वाळूतून अनवाणी निघालेला पाहुणा चार पावलांतच नाचू लागतो. किनाऱ्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना बिदागी आधी विचारावी, गाणं संपल्यावर विचारणारा घासाघीस करण्याच्या अवस्थेत नसतो. कोळंबीवर लिंबू पिळल्यावर हात धुतल्याशिवाय उन्हात बसू नये, नाहीतर कातडी भाजून डाग पडतात आणि ते सुट्टी संपली तरी मुक्काम हलवत नाहीत. हे सगळं मला कळत होतं. सांगता येत नव्हतं, फक्त फडफडता येत होतं.

आमचा सांभाळ नाबोर करी. तो किनाऱ्यावरचा जीवरक्षक. बोलायला कमी, पोहायला पट्टीचा. त्याची आई ओब्दुलिया, मानाने दोन्या ओब्दुलिया. त्यांचा देवाखालोखाल विश्वास होता ब्लीचच्या बाटलीवर. त्यांच्या घरात फरशी, पडदे, कोथिंबीर, सगळं त्या एकाच बाटलीतून शुद्ध होऊन निघे. ईस्टरच्या आठवड्याच्या तोंडावर मी आणि माझा झिजलेला दोर दुरुस्तीसाठी घरी आलो, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सणाला डोंगरातलं अख्खं दुरांगो इथे उतरतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर हे मळकं फडकं लावून उभा राहणार तू?"

"आई, तो घाबरवायला असतो, मिरवायला नाही."

"मग स्वच्छ राहून घाबरवू दे की!"

नाबोर दोर आणायला बाहेर पडला आणि मी बादलीत पडलो. मित्रांनो, इतक्या मायेने मला आजवर कुणी धुतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच समुद्र खवळलेला दिसला. नाबोरने माझी घडी उलगडली आणि अंधुक उजेडात मला घाईने वर चढवलं. त्या वेळी सगळेच रंग करडे असतात. ऊन आलं तेव्हा तो खांबाखाली बसला होता, आणि तिथे बसलेला माणूस समुद्राकडे बघतो, वर बघत नाही.

वर बघितलं रोसेंदो यांनी. दुरांगोच्या डोंगरातून टेबल, भांडी, बर्फ आणि बायको फेलिसितास एवढा संसार घेऊन ते आले होते. समुद्रात डुंबायचं म्हणून वर्षभर त्यांनी घरच्यांचं डोकं खाल्लं होतं.

"पिवळा!" ते ओरडले. "चला, सुटलो!"

"पिवळा म्हणजे जपून," फेलिसितास म्हणाल्या.

"मग मी जपूनच उडी मारतो."

नाबोरने शिट्टी फुंकली. रोसेंदोंनी कमरेएवढ्या पाण्यातून बोट माझ्याकडे केलं. "पिवळा आहे!"

"लाल आहे! बाहेर या!"

"डोळे तपासून घे, पोरा!"

काठावरच्या दहाबारा जणांनीही पिवळ्याच्या बाजूने मत दिलं. नाबोरने तेव्हा कुठे मान वर केली, आणि त्याचा चेहरा माझ्याहून फिका पडला. तेवढ्यात पाण्याची आत खेचणारी ओढ आली. रोसेंदोंच्या पायाखालची वाळू सरकली आणि ते आत जाऊ लागले. सरळ काठाकडे हात मारत होते बिचारे. जितके मारत तितके मागे जात. मी वर फडफडत होतो, अगदी पिवळाधमक.

नाबोरने तरंगता फुगा खांद्याला अडकवून पाण्यात झेप घेतली. त्याच वेळी दोन्या ओब्दुलिया मुलाचा डबा घेऊन पोहोचल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. डबा हातातून गळून पडला.

"ओढीशी भांडू नका हो!" त्या किंचाळल्या. "काठाकडे येऊ नका, आडवे जा! त्या निळ्या छत्र्यांच्या बाजूला, आडवे!"

असा आवाज ऐकल्यावर उलट उत्तर द्यायची छाती कुणाची होणार? रोसेंदो आडवे वळले. हळूहळू ओढीच्या बाहेर सरकले आणि तिथे नाबोरने त्यांना गाठलं.

काठावर आणल्यावर त्यांनी घोटभर समुद्र परत केला आणि पहिलं वाक्य बोलले, "पिवळाच होता."

फेलिसितासनी आधी त्यांच्या पाठीत चप्पल हाणली आणि मग गळ्यात पडून रडल्या.

"लाल होता," दोन्या ओब्दुलिया हळूच म्हणाल्या. "मी धुतला."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला उतरवलं आणि शेजारच्या टपरीवरचं तांबडं प्लास्टिकचं टेबलपोस वर चढवलं. त्याच्यावर कोळंबीचं चित्र होतं. तरी एकाही माणसाने पाण्यात पाऊल टाकलं नाही. मी वाळूवर चोळामोळा होऊन पडलो होतो आणि माझ्या जिवात जीव आला होता. रंग गेला होता, माणूस गेला नव्हता.

हल्ली मी नाबोरच्या किनाऱ्यावरच्या खोपटाला पश्चिमेकडून ठोकलेला आहे. त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ देत नाही. खांबावर नवा, कोरा, लालभडक बावटा आहे आणि तो दोन्या ओब्दुलियांच्या घरी कधीच जात नाही.

मित्रांनो, समुद्रावर याल तेव्हा बावट्याकडे जरूर बघा. पण खांबाखाली बसलेल्या माणसालाही विचारा, त्यात कमीपणा नाही. बावट्याला बोलता येत नाही, त्याला येतं. आणि घरातल्या कुणी मायेपोटी तुमची वस्तू साफ करायला घेतली, तर त्या वस्तूचं काम काय आहे ते आधी सांगून ठेवा. सांभाळ म्हणजे नुसतं धुणं नव्हे.

यंदा रोसेंदो पुन्हा आले. टेबल, भांडी, बर्फ, सगळं तसंच. आल्या आल्या ते खोपटापाशी उभे राहिले.

"आज पाणी कसं आहे रे?"

"लाल," नाबोर म्हणाला. "वर दिसत नाही का?"

"दिसलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मग ते परत जाऊन फेलिसितासच्या शेजारी खुर्चीत बसले आणि तासभर लाटांकडे बघत राहिले. पाणी क्षितिजापर्यंत रिकामं होतं. काय सुरेख दिसत होतं!