सोडा म्हणजे बंद

संध्याकाळी साडेपाच वाजता माझे चाक उलट्या दिशेने फिरले आणि समुद्र शहरात शिरला. चाक फिरवणाऱ्याला लोकांनी तिथेच ठेचले. तो अजून जिवंत आहे.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. शहराचा मोठा नाला समुद्राला मिळतो तिथे, दोन दगडी खांबांच्या खाचांत मी वरखाली होतो. मोडीत काढलेल्या एका जहाजाच्या पत्र्यांतून मला घडवले. ज्या लोखंडाने जन्मभर समुद्र कापला, त्यालाच समुद्र अडवायला उभे केले. सुरुवातीला मला याचा फार अभिमान वाटे.

ओहोटीला चाक फिरवून मला वर उचलत. शहराचे सांडपाणी, पावसाचे पाणी माझ्या खालून बाहेर जाई. भरतीला मला खाली उतरवत. माझे वजन असे की मला ढकलावे लागत नाही. साखळीत अडकवलेली खिट्टी काढली, की मी माझ्याच भाराने खाली जातो. म्हणून चाकावरच्या माणसांची बोली दोन शब्दांची. ‘घ्या’ म्हणजे दार उघडा. ‘सोडा’ म्हणजे बंद करा. बाहेरचा माणूस ऐकून हसायचा. "अहो, जगात सगळीकडे सोडलं की सुटतं, तुमच्याकडे सोडलं की बंद होतं!"

तेव्हा समोर वीजघराचे धुराडे होते. त्याची काजळी माझ्या अंगावर बसे. शेजारच्या पंपघरात डिझेलचे पंप खोकत. बसगाड्या पुलावरून जाताना माझ्या तोंडावर धूर सोडून जात. मग शहराला शहाणपण आले. धुराडे पाडले. गोदामांच्या छपरांवर उन्हाची वीज करणाऱ्या काचा बसल्या. पंप विजेवर आले, बसगाड्याही आल्या. हवा इतकी निवळली की मला पलीकडचे टेकाड पहिल्यांदा दिसले. लोकांना वाटले, जिंकलो.

पण ताप उतरला तरी अंगातली कणकण लगेच जात नाही. आधी होऊन गेलेल्या धुराने समुद्र फुगलेलाच होता. माझ्या अंगावर चिकटलेल्या शिंपल्यांची रेघ पूर्वी तळाच्या पट्टीपाशी होती. ती चढत चढत छातीच्या खिळ्यांपर्यंत आली. ती रोज पाहणारा माणूस एकच, माझा चाकवाला. त्याला सगळे मामा म्हणत.

माझ्या बाहेरच्या अंगाला होड्या दुरुस्त करणाऱ्यांची आळी आहे. मी बंद झालो की मला धडकलेले पाणी मागे वळते आणि त्या आळीत चढते. मी उघडा राहिलो की तेच पाणी शहरातल्या बाजारात पसरते आणि आळी वाचते. म्हणजे माझ्या एका बाजूला कोरडे ठेवायचे, तर दुसरीला भिजवावे लागते. शहराने यावरही उपाय काढला होता. एक नवी भिंत आळीलाही पोटात घेणार होती. तिचे काम सुरू झाले, समुद्राच्या कडेने ती सरकत आली आणि गोदामांजवळ थांबली. गोदामवाल्यांना मालगाड्यांचा रस्ता बंद होऊ द्यायचा नव्हता. तेवढ्या जागेत खिंडार राहिले. आळीला सांगितले, पुढच्या पावसाळ्याच्या आत बुजवतो.

मामांची मुलगी त्याच आळीत राहते. तिचा नवरा डिझेलच्या बसवर ड्रायव्हर होता. त्या गाड्या मोडीत गेल्या तेव्हा शहराने ड्रायव्हरांना घरी बसवले नाही, नवी कामे शिकवली. मामांचा जावई माझ्या चाकावर आला.

"जावईबापू, हे स्टिअरिंग नाही. डावीउजवीकडे बघून फिरवायचं नसतं," मामा म्हणाले.

"पण मामा, ब्रेक कुठाय?"

"ही खिट्टी. सोडा म्हटलं की ही काढायची."

"आमच्याकडे कंडक्टर ‘सोडा’ म्हणाला की गाडी पुढे."

"इथे गाडी खाली!" आणि दोघे पोट धरून हसले. मीही त्यांच्या हसण्याने साखळीवर किंचित हललो. आज ते हसणे मला आठवू नये असे वाटते.

पुढे मामांना भरती मोजणाऱ्या कचेरीत बसवले. त्यांचा हुकूम वायरलेसवर येई आणि जावईबापू चाक फिरवत. सगळे ठीक चालले होते. माझ्या साखळीला तेल देणे मात्र मागे पडले. आता नवी भिंत येणार, जुन्या दाराला कशाला तेल, असे कचेरीतले साहेब म्हणाले.

त्या दिवशी दुपारपासून पाऊस कोसळत होता. शहराचे पाणी जावे म्हणून मी अर्धा वर होतो. वादळ रात्री येणार होते, ते संध्याकाळीच आले. समुद्र उठला तो भिंतीसारखा. पहिल्या लाटेने आळीतल्या दोन होड्या उचलून घरांवर आपटल्या. खिंडारातून पाणी बैलासारखे मुसंडी मारत आत आले.

वायरलेस किंचाळला. "सोडा! जावईबापू, सोडा! पूर्ण सोडा!"

त्यांनी खिट्टीवर हात ठेवला. मग आळीकडे पाहिले. त्यांची बायको गच्चीच्या जिन्यावर उभी होती, डोक्यावर गादी, पायाशी पाणी. हात खिट्टीवरच होता. मला त्यांची बोटे कळत होती. ती थरथरत नव्हती. मग हात चाकावर गेला आणि त्यांनी मला वर घेतले, पार टोकापर्यंत.

समुद्र माझ्या पायाखालून गेला. मी त्याला इतक्या वर्षांत असा आत जाताना पाहिले नव्हते. त्याने बाजारातले ओटे उपटले, दुकानांची शटर कागदासारखी चुरगाळली. पंपघरात पाणी गेले आणि पंप एका आवाजात मेले. आगारातल्या बसगाड्या तरंगत एकमेकींवर आदळल्या. गोदामाचा पहारेकरी कुलूप काढायला धावला, त्याच्यावर पोत्यांची थप्पी कोसळली. त्याचे हाड मोडल्याचा आवाज मला इथवर आला. तो वाचला नाही.

मग माणसे आली. बाजाराकडून हमाल, हातात पोती ओढायचे आकडे. आळीकडून होड्यांचे सुतार, हातात हातोडे. माझ्या माथ्यावर, खांबांवर टाकलेल्या चाकापाशीच्या अरुंद फळीवर ते भिडले.

"बायकोला वाचवायला बाजार बुडवलास, हरामखोर!"

"आजवर आम्ही बुडलो तेव्हा कुठं होतात रे?"

एका आकड्याने जावईबापूंचा खांदा फाडला. त्यांनी चाक सोडले नाही, म्हणून कोणीतरी त्यांच्या डोक्यात चाकाचाच दांडा घातला. त्यांचे रक्त माझ्या पत्र्यावरून वाहिले. पावसाने ते धुतले, पुन्हा वाहिले. मामांची मुलगी कमरेभर पाण्यातून ओरडत आली, "सोडा त्यांना! अरे, सोडा!" तो शब्द एका हमालाने ऐकला. चाकाची बोली त्याच्या कानावरची; त्याला वाटले, दार सोडायला सांगते आहे. त्याने खिट्टीवर घाव घातला.

मी कोसळलो. तेल नसलेली साखळी एका बाजूला अडकली, मी तिरपा झालो. खाली वाहत आलेली हातगाडी माझ्या धारेत सापडली. तिला धरून तरंगणाऱ्या एका सुताराचा हातही सापडला. मित्रांनो, तो हात मी तोडला. मला थांबता येत नव्हते. आणि एवढे करून मी बंद झालो नाहीच. हातगाडीवर अडकून अर्धवट राहिलो. त्या रात्री बाजारही बुडाला आणि आळीही.

पाणी ओसरल्यावर मामा आले. माझ्यावरचा वाळलेला डाग हाताने पुसत बसले. मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही ‘बंद करा’ का नाही म्हणालात?"

"आमच्यात सोडा म्हणजेच बंद, पोरी. त्यांना ठाऊक होतं. मीच शिकवलं."

"आमच्यात म्हणजे कुणाच्यात? जन्मभर बस चालवलेला माणूस. घाबरल्यावर त्याला तुमचा शब्द आठवेल की स्वतःचा?"

मामा डाग पुसतच राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि आठवला असेल तर?"

ती खाली बसली. "मग त्यांनी माझ्यासाठी उघडलं. मग त्या पहारेकऱ्याच्या बायकोसमोर मी कोणत्या तोंडानं जाऊ? मला कळायला हवं, बाबा. चौकशीवाल्यांना काय लिहायचं ते लिहू देत. मला कळायला हवं."

मला जे कळले ते एवढेच: बोटे थरथरत नव्हती. पण ठाम माणसाचीही थरथरत नाहीत आणि चुकीची खात्री असलेल्याचीही नाहीत. मी लोखंड आहे. मनातले मला दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गल्लीत, कामावर असे शब्द असतील, जे फक्त ‘आपल्यात’ कळतात. नवीन माणूस आला की आधी ते शब्द उघडे करून ठेवा, हसण्यावारी नेऊ नका. जुनी वस्तू उद्या जाणार असली, तरी आज तिला तेल द्या. आणि एका बाजूला कोरडे ठेवणारे दार फार काळ पुरत नाही. ते खिंडार बुजवा.

आज सकाळची बातमी मुलीनेच मामांना सांगितली. इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या जावईबापूंनी डोळे उघडले. चौकशी अधिकारी खाटेपाशी होता. त्याने विचारले, "दार का उघडलंत?" त्यांनी छताकडे पाहिले. मग ओठ हलले. मुलीला, नर्सला आणि अधिकाऱ्याला एकच शब्द ऐकू आला.

"सोडा."

अधिकाऱ्याने लिहिले: हुकमाचा गैरसमज. नर्स म्हणाली, हाताला बांधलेली सुई सोडा म्हणत असतील. मुलगी तो शब्द तसाच मामांपर्यंत घेऊन आली. त्यानंतर ते पुन्हा झोपले आहेत.

खिंडार तसेच आहे. हातगाडी अजून माझ्या खाली आहे. परवा अमावस्येची मोठी भरती आहे.